लेखकाच्या रकान्यात

त्या रकान्यात परक्याचं नाव बघितलं आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. दादाला भरवत होते मी. दुपारची वेळ, तो पलंगावर उशांना टेकून बसलेला, उजवी बाजू लुळी, गळ्याशी माझी जुनी ओढणी बांधलेली. फोन माझ्या मांडीवर उघडा होता. पडद्यावर ओळखीचा निळा चौकोन, त्यात पांढरी, जाड, जराशी बुटकी मराठी अक्षरं, आणि खाली कुणीतरी तक्ता भरला होता: प्रोग्रामचं नाव, कुठल्या डॉसवर चालतो, किती फ्लॉप्या, लेखक कोण. लेखकासमोर दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मालकांचं नाव.

ती अक्षरं दादाची होती. खरं सांगायचं तर दादाची आणि आमच्या बाबांची. क्लासच्या मालकांनी, म्हणजे ज्यांना सगळे ‘सर’ म्हणायचे त्यांनी, त्यातला एक ठिपका काढला नव्हता. माझं डोकंच फिरलं. दादा तोंड उघडं ठेवून घासाची वाट बघतोय हेसुद्धा मला बऱ्याच वेळाने दिसलं.

हा तक्ता ज्या ग्रुपवर होता तो जुन्या कॉम्प्युटरच्या वेड्यांचा. माउस घरोघरी यायच्या आधी काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवायचं ते डॉस, त्याच्यावर ही माणसं अजून जीव टाकतात. वडाळ्याच्या एकाने बायकोची बोलणी खाऊन माळाभर जुने की-बोर्ड साठवलेत. माहीमचा एक जण बुरशी आलेल्या फ्लॉप्या कापसाने पुसून वाचतो, आणि त्यातली एक जरी उघडली तरी ग्रुपवर बारसं असल्यासारखा गोंधळ. एवढ्याशा मेमरीत अमुक गोष्ट बसवली कशी, यावर चार-चार दिवस भांडतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. दादाला झटका आल्यावर डॉक्टर म्हणाले की त्याला जुन्या गोष्टी दाखवा, बोलता करा. म्हणून मी त्याच्या प्रोग्रामचं नाव फोनवर शोधलं आणि यांच्यात जाऊन पडले.

ही मंडळी त्या काळातल्या सगळ्या मराठी प्रोग्रामांचा एक संग्रह करत होती. प्रत्येकापुढे लिहिणाऱ्याचं नाव. त्यांचा कटाक्षच होता तसा: विकणारा कुणीही असो, लिहिलं कुणी ते सांगा. तिथी दाखवणारा एवढासा प्रोग्राम, तो गिरगावातल्या कुणी लिहिला की ठाण्यातल्या, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. महिनाअखेरीला यादी बंद करून एका वाचनालयात कायमची ठेवायला द्यायची असं ठरलं होतं. बंद म्हणजे बंद, मग कुणी आलं तरी बदल नाही.

म्हणजे माझ्या हातात दोन-अडीच आठवडे होते. दादाच्या हातात किती होते ते डॉक्टरही सांगत नव्हते. दुसरा झटका कधीही येईल म्हणाले होते. बोलणं आधीच चार-सहा शब्दांवर आलेलं: पाणी, बस, नको, बाबा. त्याच्या नावावर या जगात काय होतं? लग्न नाही, मूल नाही, जागा आईच्या नावावरून माझ्या नावावर आलेली. हा एक प्रोग्राम होता. त्याच्यावरही दुसऱ्याचं नाव ठेवून हा माणूस जाणार, या विचाराने माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

आता ती अक्षरं कशी झाली ते सांगते. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे विणकर. संप सुरू झाला तेव्हा दादा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि मी मराठी टायपिंग शिकत होते. पहिले काही महिने चाळीत नुसता जोर होता, आज मिटेल, उद्या मिटेल. मग गावाहून आलेले तांदूळ संपले, समोरच्या खोलीतली माणसं कायमची गावी गेली, आणि दादाने कॉलेज सोडलं. संप कधी संपला ते आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. काही जणांना परत कामावर घेतलं. बाबांना घेतलं नाही.

दादरच्या त्या क्लासमध्ये दादाला काम मिळालं. आधी मशीन पुसायचं, मग शिकवायचं. तिथेच त्याच्या डोक्यात भरलं की हा डॉसचा पडदा नुसती इंग्रजी अक्षरं दाखवतो, त्याला मराठी दाखवायला लावायचं. प्रोग्राम असा की एकदा चालवला की मेमरीत गपचूप बसून राहणार, आणि तुम्ही टाइप केलंत की पडद्यावर मराठी उमटणार. बटणं कुठं कुठली ते मी सांगितलं, टायपिंगच्या मशीनवर असतात तशीच. पण अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांनी काढावी लागत. दादा चौकडीची वही घेऊन एकेक घर भरायचा आणि वैतागायचा, कारण इथे एक ठिपका वाढला की तिथे काना मोडायचा.

बाबा एक दिवस त्याच्या खांद्यावरून बघत होते. त्या दिवसांत ते बोलतच नसत. भिंतीकडे तोंड करून बसायचे. कामासाठी जिथं जात तिथं विचारणार, कुठल्या गिरणीत होता, आणि संपवाला म्हटलं की दार बंद. एकदा घरातून निघाले ते दोन दिवस आले नाहीत. शिवडीच्या खाडीवर बसलेले सापडले. तिथे काय करायला गेले होते ते आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. आई फक्त म्हणाली, "जेवा." तर ते बाबा दादाच्या हातातून पेन्सिल काढून घेत म्हणाले, "हय एक घर सोड. उभो धागो सरळ येंव दी." आणि त्यांनी ‘क्ष’ काढून दाखवला. त्यांना ती घरं म्हणजे उभे-आडवे धागे दिसत होते. जन्मभर दुसरं काय बघितलं होतं त्यांनी?

पुढचे कित्येक महिने घरात तेच. दादा कामावरून यायचा, बाबा दिवसभरात भरलेली पानं पुढे ठेवायचे. आई भाकऱ्या थापता थापता नावं ठेवायची, "ह्यो ळ कसलो? पोट फुगलेलो दिसता." की बाबा तो ळ परत काढायला बसायचे. संप झाल्यापासून बाबा घरात हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

प्रोग्राम झाला. गिरगावातले लग्नपत्रिका छापणारे, परळच्या पतपेढ्या, छोटे छापखाने, सगळ्यांनी घेतला. सुरू केला की पहिल्या पडद्यावर सरांचं नाव यायचं. मी दादाला विचारलं होतं, तुझं का नाही? तो म्हणाला, क्लासच्या मशीनवर केलंय, सोड ना. त्याच सुमारास सर स्वतः आमच्या चाळीत आले, तीन जिने चढून. आईने भजी तळली. सर बाबांना म्हणाले, मला दारावर तुमच्यासारखा माणूस हवाय, येता का? बाबांना क्लासच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी लागली. खाकी शर्टाला घरी इस्त्री करून जायचे. गाववाला भेटला की सांगायचे, "मालक स्वतः घराकडे इले. मी नाय गेलंय विचारूक." ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली. जायच्या आदल्या आठवड्यात हॉस्पिटलमधल्या नर्सलाही त्यांनी ती सांगितली होती.

तर मी ग्रुपवर लिहिलं. साधं लिहिलं: हा प्रोग्राम माझ्या भावाने लिहिला आहे, अक्षरं आमच्या वडिलांनी काढली आहेत, वडील गिरणीत विणकर होते, कृपया नाव बदला. खाली एकाने लिहिलं, "काकू, गिरणी कामगाराने फॉन्ट केला? मालिका जास्त बघता वाटतं." त्याला हसणारे चेहरे लावणारेही पाच-सात निघाले. मी जे उत्तर लिहिलं ते इथे देत नाही. फ्लॉप्या पुसणाऱ्या माहीमवाल्याने, ग्रुप तोच सांभाळायचा, ते काढून टाकलं आणि मला वेगळा मेसेज केला, "ताई, राग समजतो. पण काहीतरी पुरावा लागेल. जुनी वही, छापील कागद, काहीही."

चौकडीच्या वह्या. पंधरा-सोळा वह्या होत्या, बाबांच्या पेन्सिलीने भरलेल्या. चाळ पाडायची ठरली तेव्हा आम्हाला संक्रमण शिबिरात दहा बाय बाराची खोली मिळाली. सामान कमी करायला हवं होतं. पत्र्याची पेटी मी माझ्या हाताने उघडली, वह्या बघितल्या, आणि रद्दीवाल्याला दिल्या. दादा तेव्हा कामावर होता. संध्याकाळी त्याला सांगितलं तर म्हणाला, बरं झालं, जागा झाली. मला तेव्हा खरंच वाटलं की बरं झालं. आता रोज अंघोळीला गेले की तिथे उभी राहून स्वतःच्या तोंडात मारून घेत होते मी, अगदी खरोखर.

मग ग्रुपवरच एकाने फाइल उकलून दाखवली. प्रोग्रामच्या शेवटाला चार आकडी नंबर सापडला होता. सगळे तर्क लढवू लागले: कुणी म्हणे जुना टेलिफोन, कुणी म्हणे चोरून नक्कल केली तर पकडायला घातलेला नंबर, कुणी म्हणे आवृत्ती. मी नंबर बघितला आणि लगेच ओळखला. बाबांचा गिरणीतला बिल्ला नंबर होता तो. आमच्या घरात लहान पोराला पत्ता यायच्या आधी तो नंबर यायचा. ताग्याच्या शेवटाला विणकराचा नंबर पडायचा, नाव कधीच नाही. प्रोग्राम पुरा झाला तेव्हा बाबाच दादाला म्हणाले होते, "नाव कित्याक? माल बिघडलो तर नंबरावरसून माणूस गावता. तितक्या पुरे." आणि माझ्या शहाण्या भावाने ते ऐकलं. सही करायची अक्कल आमच्या घरात कुणाला नव्हतीच. नाव लिहायचं ते रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेवर, कामावर नंबर.

मी हे सगळं लिहिलं, बाबांच्या जुन्या पगारपावतीचा फोटो टाकला, त्यावर तोच नंबर. आता कुणी हसलं नाही. पण नियमवाले नियम सोडेनात. पावतीवरून वडिलांचा संबंध दिसतो, म्हणाले, प्रोग्राम भावाने लिहिला हे कुठे सिद्ध होतं? त्याच क्लासमध्ये वडील कामाला होते, मालकांनी गंमत म्हणून त्यांचा नंबर घातला नसेल कशावरून? शेवटी माहीमवाल्याने तोड काढली. लिहिणारा हयात आहे. त्याने स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगावं. बोलता येत नसेल तर प्रश्नाला मान हलवली तरी आम्ही धरू.

यादी बंद व्हायला पाच दिवस राहिले होते. मी दादाला शिकवायला लागले. सकाळी अंग पुसताना, जेवताना, संध्याकाळी खिडकीशी बसवून. "म्हण, मी लिहिला." तो माझ्याकडे बघत राहायचा. मी म्हणायचे, "नुसतं ‘मी’ तरी म्हण ना रे." एकदा म्हणाला, "पाणी." मी पेला त्याच्या ओठांना लावला आणि माझंच रडू आवरेना. मला वाटत होतं त्याला शब्द सापडत नाहीत.

माहीमवाला दुपारी आला. चाळिशीतला माणूस, चपला बाहेर काढून आला, दादाच्या पाया पडला. लॅपटॉपवर डॉस चालवायची सोय केलेली होती त्याने. निळा चौकोन आला, सरांचं नाव आलं, गेलं, आणि पडदा मोकळा झाला. दादाचा डावा हात चादरीवरून उठला. त्याने दोन बटणं एकदम दाबली, परत दाबली, आणि पडद्याच्या मधोमध तो चार आकडी नंबर उमटला. माहीमवाल्याने लॅपटॉप जवळ ओढून नंबर पुन्हा वाचला. मग म्हणाला, "ताई, ही की आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. आम्ही फाइल फाडून बघितली तरी सापडली नव्हती." त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या मनावरचा मोठा धोंडा उतरला.

त्याने फोन उभा केला. स्वच्छ आवाजात विचारलं, "काका, हा प्रोग्राम तुम्ही लिहिलात का?"

दादाने मान हलवली. आडवी. नाही.

माहीमवाल्याला वाटलं प्रश्न कळला नाही. त्याने बोटाने पडदा दाखवून हळूहळू परत विचारलं. दादाने फोनकडे नीट बघितलं आणि परत नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी विचारलं, त्याचा हात धरून, जवळजवळ ओरडून. त्याने डोळे मिटले आणि मान आडवीच हलवली. माहीमवाल्याने रेकॉर्डिंग बंद केलं. जाताना दाराशी म्हणाला, "मला खात्री आहे ताई. पण आता यांनी स्वतःच नाही म्हटलंय. मला आहे तेच नाव ठेवावं लागेल. तुम्ही दोन दिवसांत काही करू शकलात तर बघा."

तो गेल्यावर मी दादाला नाही नाही ते बोलले. आजारी माणसाला बोलू नये ते सगळं. तुझ्यासाठी मी लोकांची थुंकी झेलली, वह्या दिल्या म्हणून रोज मरतेय, आणि तुला नुसती होकाराची मान हलवायची होती तीही हलवली नाहीस. मेलास तर तुझ्यामागे काय राहणार आहे, सांग. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बोली." मला वाटलं पुन्हा भलताच शब्द आला. "बोली झाली," म्हणाला. कसला शब्द दिलास, कुणाशी ठरवलंस? "सर." मी पाणी पाजलं. तो डाव्या हाताने दाराकडे दाखवत राहिला. मी म्हटलं, काय हवंय, बाहेर कोण आहे? त्याने मान आडवी हलवली, परत दार दाखवलं, आणि म्हणाला, "बाबा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांची दारावरची नोकरी. खाडीवर सापडलेले बाबा दादाच्या डोक्यातून गेले नसणार, आणि प्रोग्राम झाल्यावर त्यानेच जाऊन सरांना सांगितलं असणार: नाव तुमचं घाला, माझ्या बापाला कामावर घ्या, आणि घरी येऊन विचारा, मी बोललो हे त्यांना कळता कामा नये. मी हे सगळं एकेक करून त्याला विचारलं आणि प्रत्येकाला तो हो म्हणत गेला. उभी मान. इतके दिवस ज्या उभ्या मानेसाठी मी तडफडत होते ती.

मी म्हटलं, "अरे, सर गेले. आई गेली. बाबा जाऊन किती वर्षं झाली. आता कुणापासून लपवतोयस? कुणाला कळणार आहे?"

दादाने माझ्याकडे बघितलं, लहानपणी मला गणित जमायचं नाही तेव्हा बघायचा तसं. म्हणाला, "बाबांका कळतला."

दादा आता नाही, म्हणून हे लिहायची हिंमत झाली. नाव तरी एकाचंही लिहिलेलं नाही. त्याची बोली मोडायची माझी छाती नाही. त्या दोन दिवसांत मला अनेकदा वाटलं की त्याला न विचारता बोलीसकट सगळं ग्रुपवर लिहून टाकावं. ती बटणं दाबल्याचं माहीमवाल्याने डोळ्यांनी बघितलं होतं, मी जोर लावला असता तर नाव आलंही असतं. फोन हातात घेतला की खाकी शर्टातले बाबा दिसायचे, नर्सला सांगणारे.

यादी बंद व्हायच्या दिवशी सकाळी मी दादाच्या शेजारी बसून ग्रुपवर लिहिलं: "या प्रोग्रामबद्दल माझा गैरसमज झाला होता. लेखक म्हणून जे नाव दिलं आहे तेच बरोबर आहे. सर्वांची माफी मागते." मालिकेवरून बोलणाऱ्याने लगेच अंगठा दाखवला. माहीमवाल्याने काहीच लिहिलं नाही.

दादा म्हणाला, "वाच."

मी वाचून दाखवलं. त्याने डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "परत." मी परत वाचलं.